आबा जागा बघून आले

निघायच्या दिवशी पिकअपमध्ये पुढं आम्ही तिघं होतो. चालवायला आप्पा, म्हणजे माझे वडील, मध्ये मी, आणि खिडकीशी काठी धरून आबा, माझे आजोबा. मागं झेंडूचे क्रेट, क्रेटवर माझी गादी, आणि गादी उडू नये म्हणून तिच्यावर आणखी एक क्रेट. आई रडणार म्हणून मी मनाची तयारी करून बसले होते. तर आई खिडकीशी आली, "जेवलीस का इचारलं की खरं सांगत जा," एवढंच म्हणाली आणि गोठ्याकडं निघूनही गेली. रडली ती धाकटी पूजा, आणि तेसुद्धा मी तिचा चार्जर घेऊन चालले होते म्हणून.

वडगाव रासाई मागं पडलं, पूल ओलांडून आम्ही दौंडच्या अंगाला आलो आणि मला हसू आवरेना. कासुर्डी येईपर्यंत गाल दुखायला लागले होते.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या बायांनो, बारावीनंतरचा तो उन्हाळा आठवतो का? कॉलेज म्हणजे काय याची मला काडीची माहिती नव्हती, त्यामुळे कल्पना मात्र भरपूर होत्या. कँटीनमध्ये खिडकीजवळची माझी ठरलेली जागा. "लाइट बंद कर आता" असं कुणी म्हणणार नाही अशी लायब्ररी. आणि सगळ्यात भारी म्हणजे असा रस्ता, जिथं एकही म्हातारी थांबवून "कुणाची गं तू?" म्हणून विचारणार नाही. झेंडू तोडता तोडता मी पार त्या रस्त्यावर पोचायचे आणि मागून आई ओरडायची, अर्धी फुलं झाडालाच राहिलीत म्हणून.

पण माझं जाणं एका गोष्टीवर अडलं होतं. आप्पांचं म्हणणं, शिरूरला कॉलेज आहे, एसटीनं रोज जाऊन येऊन होतं. पुण्याला होस्टेलवरच राहायचं असेल, तर आबांनी आधी जागा बघून हो म्हटलं पाहिजे. "आबा न्हाई म्हणलं तर न्हाई. मग त्वांड पाडून बसायचं न्हाई," असं त्यांनी मला बजावून सांगितलं.

आता आमची बागायत आहे, पण आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं. बिऱ्हाड हलायच्या आधी एक जाणता माणूस पुढं जाऊन चारापाणी बघून यायचा, आणि आमच्यात तो माणूस म्हणजे आबा. त्यांचा नियम एकच, कुणाला काही विचारायचं नाही. विचारलं की जो तो आपल्याच गावचं पाणी गोड सांगतो. आपण आपल्या डोळ्यांनी बघायचं, पाणी प्यायचं आणि परत यायचं.

तर आबा एका सकाळी शेजाऱ्यांच्या फुलांच्या टेम्पोत बसून पुण्याला गेले आणि दिवस मावळताना परत आले. पाय धुतले, भाकरी खाल्ली, पाणी प्याले. माझा जीव टांगणीला. मग म्हणाले, "गवत मांडीएवढं हाय. लिंबाची झाडं हायती. पाणी ग्वाड हाय. जाऊ द्या पोरीला."

मी गोठ्यात जाऊन अशी नाचले की गाय दाव्याला हिसका देऊन मागं सरली.

आणि पुण्यात पोचल्यावर काय झालं ऐका. मांडीएवढ्या गवताचं मैदान, लिंबाची झाडं, पाण्याची टाकी, सगळं आबांनी सांगितलं होतं तस्संच होतं. आप्पांनी थेट गेटातच गाडी घातली. वॉचमन हसायलाच लागला. ते शेजारच्या दुसऱ्याच कॉलेजचं होस्टेल होतं, आणि तेही मुलांचं. आबा, अहो दोरीवर नुसत्या पँटी वाळत होत्या की, असं मी म्हणाले, तर आबा शांतपणे म्हणाले, "पोरी बी तेच घालत्यात आताशा."

आमचं होस्टेल मागच्या बोळात होतं. चार मजले, समोर भिंत, गवताची काडी नाही. आप्पांनी गाडी बंद केली, पण खाली उतरले नाहीत. "आबा, तुमी हो म्हणलात ते दुसऱ्याच जाग्याला," ते म्हणाले. "शिरूरला अजून जागा असंल." माझं हसू कुठल्या कुठं गेलं. वाईट जागेला हो म्हणणं आबांना कधी जमलं नसतं, आणि ही जागा चांगली म्हणणं मलाही जड जात होतं.

आबा उतरले आणि जिना चढू लागले. पहिल्या दिवशी घरच्यांना वर सोडत होते. खोलीत मानसी नावाची मुलगी आधीच आली होती, महाडच्या बाजूची. आबांनी खिडकीतून ती भिंत बघून घेतली आणि पाणी मागितलं. मानसीनं स्वतःचा पेला विसळून फिल्टरचं पाणी आणून दिलं. आबा प्याले. मग त्यांनी जन्मभराचा नियम मोडला आणि विचारलं, "पोरी, गाव कुठलं?"

तिनं गाव सांगितलं. मग आबांच्या काठीकडं आणि पागोट्याकडं बघून आपणहूनच बोलायला लागली. दिवाळीनंतर घाटावरचे मेंढपाळ येतात, खतासाठी त्यांच्या भातशेतात मेंढरं बसवतात. तिचे आजोबा त्या दिवसांत वाटेकडं डोळे लावून असतात, आणि आलेल्यांचं पहिलं जेवण त्यांच्याच घरी होतं.

आबा तिच्याकडं बघतच राहिले. राहायचं ठरल्याशिवाय आबा हातातली काठी सोडत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी ती माझ्या कॉटशेजारी, कोपऱ्यात टेकवली. दारात उभ्या असलेल्या आप्पांना म्हणाले, "चारा न्हाई हितं, पर माणसं हायती. बाळू, गादी वर आण."

आप्पा गादी आणायला गेले. गादीला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. कितीतरी दिवस त्या माझ्या पुस्तकांत निघत होत्या.

आज मी शेवटच्या वर्षाला आहे. कँटीनला खिडकीच नाही. लायब्ररीत मात्र खरंच कुणी लाइट बंद करत नाही. प्रॅक्टिकल, सबमिशन, मेसची पातळ आमटी, मानसीचं घोरणं, सगळं अंगवळणी पडलंय आणि मला ते फार आवडतं, खोटं कशाला बोलू. "कुणाची गं तू?" विचारणारं कुणी नाही म्हणून सुरुवातीला मी हवेत होते. मग एकदा मेसच्या मावशींनी पोळी वाढता वाढता विचारलं, शिरूरकडची का गं तू, आणि मला एवढा आनंद झाला की एक पोळी जास्त खाल्ली.

यंदा पूजाची बारावी झाली. तिला कोल्हापूरला जायचंय, आणि आप्पांची अट तीच. पण आबांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. त्यांनी मला फोन केला. "तू जाऊन ये. आन् कुणाला इचारू नको."

गेले. विचारलं मात्र, गेटवरच, हे मुलींचंच होस्टेल ना म्हणून. एवढं शहाणपण आमच्या घरानं कमावलंय. मग वर गेले आणि पाणी प्याले. पाण्याला औषधाचा वास होता, आणि खिडकीसमोर इथंही भिंतच. खोलीतली एक मुलगी अभ्यास करत होती. काही न विचारता ती सरकली, कॉटवर मला जागा केली आणि डब्यातले शेंगदाण्याचे लाडू पुढं केले.

घर म्हणजे वडगाव, नदी, झेंडूच्या सऱ्या, असंच मला वाटायचं. आताही वाटतं. पण आपल्या आधी आपलं कुणीतरी जाऊन जिथलं पाणी पिऊन आलंय, ती जागाही घरच असते, हे मला तिथं लाडू खाताना कळलं.

खाली येऊन आबांना फोन लावला. पाण्याचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, गवत नाही तेही सांगितलं. पलीकडं पूजा श्वास रोखून उभी असणार, हे मला इथून दिसत होतं.

"आन् माणसं?" आबांनी विचारलं.

"हायती, आबा," मी म्हणाले.