आखणीचा हात

गेल्या वैशाखात लोणच्याची काचेची बरणी धुताना ती माझ्या उजव्या हातातच फुटली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वाकवणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या. गोव्याला नेऊन ऑपरेशन केलं, दोऱ्या जोडल्या, आणि पुढचा दीड महिना मी हात फळीला बांधून पडवीत बसून काढला. आमच्या वाडीत माणूस असा बसलेला दिसला की सगळ्यांना सवड होते. येणारा आधी चहा घ्यायचा, मग हाताकडे बघून चकचक करायचा. एकाने त्याच्या मेहुण्याच्या बोटाची गोष्ट सांगितली. ते म्हणे आजतागायत सरळच्या सरळ आहे. ही गोष्ट ऐकवायला तो मुद्दाम तारकर्लीहून आला होता.

त्यांची काळजी खोटी नव्हती. मी हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालो, पण गावाला माझी ओळख आहे ती आमच्या घरच्या गणपतीच्या शाळेमुळे, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यामुळे. चाळीस-बेचाळीस घरांचे पाट आमच्याकडे येतात आणि त्या त्या पाटावर त्या घराचा गणपती घडतो. माती कोणीही मळो, रंग कोणीही भरो, डोळ्यांची आखणी मात्र घरातलं एकच माणूस करतं. वडिलांच्या मागे ते माझ्याकडे आलं. त्यामुळे यंदा डोळे कोण आखणार, हा प्रश्न चहाच्या प्रत्येक कपाबरोबर माझ्यासमोर यायचा.

फळी सुटल्यावर मालवणात व्यायामाला जाऊ लागलो. व्यायाम घेणारी डॉक्टरीण मूळची आरोंद्याची, माझ्या मुलीपेक्षाही लहान, पण दवाखान्यात अगदी पुस्तकी मराठी बोलायची. "काका, अंगठा वाकवा. दुखलं की लगेच सांगा." मी अंगठ्याकडे डोळे वटारून बघत बसायचो. कपाळाला घाम यायचा आणि अंगठा ढिम्म. घरी बायको शर्टाच्या बटणालाही मला हात लावू देत नव्हती. "रवांदे, मी करतंय," हे तिचं पालुपद. मी स्वतः त्या हाताला 'मेलो' म्हणायचो. मेल्याला गळ्यातल्या पिशवीत ठेव, मेल्याला जरा उशी दे. राग आला की त्याहून वाईट म्हणायचो, आणि राग मला दिवसातून पाच-सहा वेळा तरी यायचाच.

एक दिवस व्यायाम चालू असताना डॉक्टरणीचा फोन वाजला. तिने बोलता बोलता हातातलं पेन माझ्यापुढे केलं, "धरा हो काका जरा." मी धरलं. फोन संपवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी उजव्या हाताने, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत, पेन धरून बसलो होतो. चोरी पकडली गेल्यासारखा मी ओशाळलो आणि ओशाळलो म्हणून तिच्यावरच खेकसलो, की ही काय परीक्षा घ्यायची रीत झाली?

तिने शांतपणे सांगितलं की परीक्षा वगैरे काही नव्हती, फोन खराच आला होता. मग म्हणाली, चूक तिचीही आहे. दुखलं की सांगा, असं ती रोज म्हणते, म्हणून मी रोज दुखण्याची वाट बघत बसतो. दोऱ्या काही शब्दांनी जुळत नाहीत, त्या टाक्यांनी आणि दिवसांनी जुळल्या. पण त्या जुळून झाल्यावरही हात घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्याला उठसूट जप, सांभाळ, मेला म्हटलं की तो तसाच राहतो. बोटाकडे बघू नका, कामाकडे बघा, एवढंच तिने मला करायला सांगितलं. उद्यापासून दुखलं का हे ती विचारणार नव्हती, आज हाताने काय काय केलं ते विचारणार होती.

मला पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सांगायला काहीतरी हवं म्हणून मी चहाचा कप उचलला. मग चावी फिरवली. बायकोला तिचं पालुपद बंद करायला लावलं, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. आषाढ संपता संपता मी ब्रश घेऊन दवाखान्यात गेलो. पाठकोऱ्या कागदावर डोळ्याची वरची रेघ ओढायला बसलो आणि सवयीने पुटपुटलो, "हलू नको रे, हलू नको." रेघ नागमोडी गेली. ती म्हणाली, "काका, हाताशी बोलू नका. तो गणपती कुणाकडे बघतोय तेवढं बघा." पुढची रेघ सरळ आली.

खरं तर मी आनंदाने उडी मारायला हवी होती. पण मी ब्रश खाली ठेवला, कारण 'हलू नको' हे मी यापूर्वी माझ्या हाताला कधीच म्हटलं नव्हतं. ते म्हटलं होतं माझ्या मुलीला. ती चौदा वर्षांची असताना मी तिला आखणी शिकवायला घेतली. मागे उभा राहून प्रत्येक रेघेला सांगायचो, हात हलता बघ तुझो, हलवू नको. तीन वर्षं तिची रेघ वाकडी येत राहिली. मग तिने तो ब्रश सोडला. आता ती शिक्षिका आहे, सुट्टीत पितांबर आणि दागिने असे रंगवते की लोक बघत राहतात. डोळ्यांचं कोणी विचारलं तर आम्ही घरचे सांगायचो, तिचो हात हलता. जसं एखाद्याला कोळंबी सोसत नाही म्हणून सांगावं, तसं.

चतुर्थीला चार दिवस उरले. माझा हात चालू लागला होता, पण दिवसाला तीन गणपती झाले की बोटं थकून जायची. गणपती होते एकेचाळीस. मी मुलीला म्हटलं, उरलेले तू आख. ती मुकुटाला सोनेरी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "माझो हात हलता." आपली उंची सांगावी इतक्या साधेपणाने.

आयुष्यात मी कधी कोणाची माफी मागितली नाही, त्यामुळे ती मागायची कशी तेही मला नीट ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "नाय गो. तुझो हात कधी हलायचो नाय. मीच मेलो तसा उगीच म्हणायचो."

तिने ब्रश पाण्यात बुडवला.

"हलायचो, बाबा," ती म्हणाली. "तुमी म्हटलास की हलायचो."

मग तिने आखणीचा ब्रश माझ्या हातातून काढून घेतला आणि मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं. मी पडवीत आलो. माझ्यामागे तिने दाराला आतून कडी घातली.

संध्याकाळी कडी निघाली. आत गेलो तर तिने आखलेले बारा गणपती समोर बघत होते, आणि एकाच्याही नजरेला नजर द्यायचं मला धाडस होईना.