विजेच्या मीटरवरचं नाव

बाबा जाऊन बावीस दिवस झाले होते. विजेचा मीटर त्यांच्या नावावर होता, तो आईच्या नावावर करायचा होता. शनिवारी दुपारी मी डोंबिवलीहून डिलाईल रोडच्या आमच्या खोलीवर गेले आणि बाबांच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरायला बसले. आई मागे पलंगावर मेथी निवडत होती.

अर्ज भरून झाला, मृत्यूचा दाखला जोडला. ‘पुढे’वर क्लिक केलं की पुन्हा पहिलंच पान यायचं. चार वेळा झालं. दर वेळी ‘मृत व्यक्तीचे नाव’ या चौकटीत मी बाबांचं नाव टाइप करत होते. पहिल्यांदा हात थांबला होता, चौथ्यांदा थांबला नाही.

शेवटी हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं की साइट नुकतीच बदललीय, तुमच्या ब्राउझरमध्ये जुनी पानं साठून राहिलीत. हिस्टरी उघडा, बाजूलाच डेटा काढायचं बटण आहे, ती साठलेली पानं म्हणजे कॅश, ती काढा, मग होईल.

हिस्टरी उघडली. वर माझ्या त्या चार खेपा. त्याखाली बाबांनी शोधलेलं सगळं. बाबा छापखान्यात प्रूफं तपासायचे, त्यामुळे शुद्धलेखन कुठेही चुकलेलं नव्हतं. ‘जिना चढताना धाप का लागते.’ ‘पायांवर सूज, हृदयाचे लक्षण.’ ‘हृदय किती टक्के चालले तर माणूस जगतो.’ शेवटच्या दोन महिन्यांत जवळजवळ रोज, दुपारी तीनच्या सुमारास. मला फोनवर म्हणायचे, ॲसिडिटी आहे, जाईल.

मी आईला विचारलं, तुला हे माहीत होतं का. तिने मान वर केली नाही.

“मला वाचून दाखवायचे,” ती म्हणाली. “मोठ्या डॉक्टरकडे जाऊया म्हटलं, तर ऐकायचे नाहीत.”

“मला का नाही सांगितलंस?”

“नको म्हणाले. ती धावत येईल, आणि मग खरंच काहीतरी झालंय असं वाटेल, म्हणाले.”

राग यायला हवा होता, किंवा रडू. काहीच आलं नाही. खाली भंगारवाला ओरडत गेला, तेवढं स्पष्ट आठवतं.

बटण दाबल्यावर तीन चौकटी आल्या: हिस्टरी, कुकीज, कॅश. तिन्हींवर आधीच खुणा होत्या. मी विचारलं, “आई, सगळंच काढू का?”

तिने निवडलेली मेथी गोळा केली. “मीटरपुरतं काय लागतं तेवढंच काढ.”

मी हिस्टरी आणि कुकीजवरच्या खुणा काढून टाकल्या, फक्त कॅश साफ केली. साइट पुन्हा उघडली, पाचव्यांदा नाव टाइप केलं. या वेळी पान पुढे सरकलं. अर्जाचा नंबर आला, तो मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. आईने भाजी फोडणीला टाकली. आम्ही जेवलो. भाजीत मीठ कमी होतं, दोघींपैकी कुणी घेतलं नाही.

महिन्याभराने बिल आईच्या नावावर आलं. बाबांनी शोधलेल्याची ती यादी मी त्यानंतर उघडली नाही. ऑफिसातल्या एकाने सहज बोलताना सांगितलं की ब्राउझर हिस्टरीतलं तीन महिन्यांहून जुनं सगळं आपोआप काढून टाकतो. मी बरं म्हटलं आणि कामाला लागले. आता ते तीन महिनेही उलटून गेलेत.