साडेपाच तास

आमच्या घरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं. वडिलांची शिफ्ट चुकू नये म्हणून. पण हे घरात सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे जो तो मनात दहा मिनिटं वजा करायचा आणि वडील व्हायचे तेवढेच लेट. त्या घरातली मी पहिली पदवीधर. इंजिनिअर. वाटलं, शिकलेल्या लोकांत असलं काही नसेल.

आमच्या कंपनीकडे सदाशिव पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर होतं. त्याचा डेटाबेस ग्रिनिचची वेळ दाखवायचा, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एकदा सेटिंग बदललं की काम झालं. पण नाही. ज्याने त्याने आपापल्या कोडमध्ये साडेपाच तास हाताने मिळवलेले. मला ते बघवेना. कुणाला न विचारता मी कोलकात्याची वेळ लावली. सेटिंगमधल्या शहरांच्या यादीत भारताला तेवढंच नाव आहे, पुण्याने मनाला लावून घेऊ नये. हाताने मिळवलेले तास मात्र तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. विश्रांतवाडीच्या एका मधुमेही आजींना उपाशीपोटी रक्त द्यायला सकाळी आठला यायचं होतं. साडेपाच तास दोनदा मिळवले गेले, मेसेज गेला दुपारी दीडचा. तेव्हा लॅबला कुलूप. आजी तशाच उपाशी पायरीवर बसल्या, हात थरथरायला लागले. शेजारच्या दुकानदाराने साखरेचा चहा पाजला म्हणून निभावलं. तपासणी वाया.

बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, आपण इंजिनिअर ना? मग घड्याळ कधी शिकणार?"

साहेबांचं म्हणणं, सेटिंग होतं तसं कर, इतकी वर्षं चाललंच होतं. मी नाही म्हटलं. चूक माझी होती, पण उलटी फिरवून ती सुधारणार नव्हती. त्यांच्यासमोर बसून सतरा ठिकाणचे साडेपाच तास एकेक करून खोडले. जवळजवळ प्रत्येकाशेजारी कुणीतरी लिहून ठेवलेलं: 'तात्पुरतं'.

मग आजींना मी स्वतः फोन केला. माफी मागितली, परवा सकाळी आठला या म्हटलं, मेसेजही आठचाच येईल, मी तपासलंय.

"येते की," त्या म्हणाल्या. "पण डबा संगं आणते, पोरी. तुमचं काय खरं नाय."