दुसरा धडा

दिघीच्या खाडीपलीकडच्या एका शाळेत मी दोन महिने दर शनिवारी इंग्रजी शिकवायला जायचो, हौसेनं, फुकट. पोरांची खिचडी शिजवणाऱ्या बाई दाराशी तांदूळ निवडत बसायच्या. मी फळ्यावर लिहायच्या आधीच त्यांचे ओठ हलायचे, ‘व्हॉट इज युवर नेम?’ पोरंही एका सुरात उत्तर द्यायची. मला वाटायचं, आपण काय झकास शिकवतोय!

मग माझी बदली झाली. शेवटच्या शनिवारी बाईंना तसं सांगितलं. सुपातले खडे वेचता वेचता, वर न बघताच त्या म्हणाल्या, “पयला धडा पोरांना कवाचा पाठ हाय, सर. तुमच्यासारखे येतात, तोच शिकवतात नि जातात. दुसरा कोनी शिकवलाच न्हाय.”

परतीच्या बोटीत लक्षात आलं, बाईंचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.