पुसलेली सही

इंजेक्शनआधी नर्सनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की माझं डोकं तापतं. तिला वाटतं, बाई सुईला घाबरते.

शाळेत असताना मी परदेशातल्या एका अंतराळवीराला पत्र पाठवलं होतं. त्याचा फोटो आला, छातीवर निळ्या शाईत ऐटदार सही केलेला. बाबांनी तो तुळिंजच्या फ्रेमवाल्याकडे टाकला. आणायला मीही गेले. काचेमागे अंतराळवीर हसत होता, पण सही गायब!

"पोरांनी पेनानं गिरगटलं होतं, स्पिरिटनं साफ केलं," फ्रेमवाले काका म्हणाले.

बाबांनी काच न्याहाळली. "अगदी नव्यासारखा! थँक्यू म्हण काकांना."

आणि मी म्हटलं! सहीचं एक वेळ गिळेन. ते थँक्यू मात्र मला अजून परत हवंय.