समुद्रातून दिसणारा डोंगर

गाडीत बसल्या बसल्या पाहुणे विचारतात, ‘‘भैया, इधर देखने का क्या क्या है?’’ वीस वर्षं झाली, हाच प्रश्न. पूर्वी मी हौसेनं मान मागे वळवून सांगायचो. आता आरशातच बघून सांगतो. कंटाळा आलाय, खरं सांगतो.

डहाणू स्टेशनबाहेर माझी सात सीटची गाडी उभी असते. आमचा मुलूख तो केवढासा, डहाणू आणि तलासरी, दोन तालुके. सकाळी निघालं तर दिवेलागणीला सगळं उरकतं. खाडीच्या तोंडावरचा किल्ला पहिला. पाहुण्यांना तोफा हव्या असतात आणि आत सरकारी कचेरी, दाखल्यासाठी आलेली माणसं फायली घेऊन बसलेली असतात. मग बोर्डीचा किनारा, सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या. पुढे बारडाचा डोंगर. तिथल्या गुहांमध्ये पारशांनी आपला पवित्र अग्नी लपवून जपला होता, ही गोष्ट मी सांगतो. गोष्ट सगळ्यांना आवडते, चढायला कोणी तयार होत नाही. खालूनच फोटो काढतात. मग आसावलीचं धरण, आणि शेवटी आशागड, चारोटी करत महालक्ष्मी. मंदिरामागे तो उंच सुळका. ‘‘वो ऊपर जाना पडता है क्या?’’ नाही हो, नाही पडत. बसा गाडीत.

एवढी माणसं फिरवली, पण माझ्या बाबांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. किल्ल्यात ते एकदा कुठल्याशा दाखल्यासाठी गेले होते, तेवढंच. जन्म सगळा होडीवर गेला. त्यांच्या लेखी बघण्यासारखी जागा एकच, महालक्ष्मीचा डोंगर, तोही समुद्रातून. पाण्यात लांब गेलं की किनारा बुडतो, माड बुडतात, थर्मल वीजकेंद्राची चिमणी तेवढी काडीसारखी उरते, आणि तिच्या मागे तो सुळका. त्याच्यावरून जाळं कुठं टाकायचं ते ठरायचं आणि घर कुठं आहे तेही कळायचं. परतताना सुळका दिसला की बाबा सगळ्यांना गप्प करायचे. ओंजळभर समुद्राचं पाणी घ्यायचे आणि डोंगराच्या दिशेला सोडायचे. आमच्या घराण्यातली ती रीत, त्यांच्या बापापासूनची. दिसला, म्हणजे आलो आपण. पाणी सोडल्याशिवाय होडीत कोणी बिडीसुद्धा पेटवायची नाही.

मला ती रीत बघण्यापेक्षा ऐकूनच माहीत. मी होडीवर टिकलोच नाही. दोन मोसम गेलो आणि दोन्ही मोसम कठड्यावर लोंबकळून ओकण्यात गेले. तिसऱ्या वर्षी मी गाडी शिकायला गेलो. बाबा एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मागच्या पावसाळ्यात बाबांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आता आहे तेवढी टिकवायची. दिवसातून दोनदा थेंब. आधी का आणलं नाही? आणणार होतो हो. शनिवार-रविवार पाहुणे, सोमवारी गाडीचं काम, मंगळवारी अंग मोडून आलेलं. असं करत करत वर्ष गेलं. कोणाला दोष देऊ?

त्या दिवशी दवाखान्यातून येताना बाबा म्हणाले, ‘‘डोळे आहेत तोवर मला एकदा डोंगराच्या पायाशी ने. नारळ ठेवायचाय. जन्मभर त्यानं घरी आणलं, आपण त्याच्या घरी कधी गेलो नाही.’’

मी म्हणालो, नेतो की. आणि दिवाळी गेली, नाताळची गर्दी गेली. दर रविवारी मी परक्या माणसांना त्याच डोंगराखाली उतरवत होतो आणि घरी येऊन झोपत होतो. बाबांनी आठवण करून दिली नाही. बायकोनं दिली, तीही अशी की मला जेवण गिळवेना. ‘‘पैसे देऊन सीट बुक करायला सांगू का त्यांना?’’ म्हणाली.

मग जानेवारीत एका बुधवारी नेलं. बाबांनी धुतलेली टोपी घातली, नारळ मांडीवर धरला. आशागड सोडलं तसे ते काचेला नाक लावून बसले. ‘‘आला का?’’ ‘‘येईल.’’ ‘‘आला का?’’ चारोटीच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली आणि बोट दाखवलं, ‘‘तो बघा!’’ बाबा बघत राहिले. मंदिराच्या आवारात उतरवलं, हाताला धरून मोकळ्या जागी नेलं, सुळका अगदी समोर, डोक्यावर म्हटलं तरी चालेल. बाबांनी मान वर केली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली.

‘‘हा नव्हे,’’ ते म्हणाले.

‘‘हा नव्हे म्हणजे?’’

‘‘आमचा डोंगर हा नव्हे. तू दुसरीकडे आणलंस.’’

मला आधी हसू आलं. लांबून सुईसारखं दिसणारं टोक जवळून वेगळं दिसणारच, मी समजावलं. मधल्या टेकड्या आड येतात, सांगितलं. प्रसादाच्या दुकानातल्या बाईंना विचारलं, त्यांनी हसून सांगितलं, बाबा, एकच डोंगर आहे इथे. पण बाबा हटून बसले. चुकीच्या डोंगरापुढे नारळ ठेवणार नाहीत. घरी चल.

माझं डोकं फिरलं. दिवसाचा धंदा बुडवून आलो होतो, कंबर दुखत होती, आणि वीस वर्षं ज्या रस्त्यावर पोट भरलं तो रस्ता मला माहीत नाही म्हणतात! चारचौघांत ओरडलो मी, ‘‘एवढा मोठा डोंगर समोर उभा आहे, डोळे आहेत का बटणं?’’

देवीला हात जोडणारी माणसं वळून बघायला लागली. बाबांनी टोपी सारखी केली आणि गाडीच्या दिशेनं चालू लागले. एका उभ्या स्कूटरला धडकले, तिला हातानं चाचपून बाजूनं गेले. ते मी पाहिलं. पाहूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, रागात कुठलं शिरतंय. नारळ तसाच घरी आला आणि देव्हाऱ्याशेजारी बसला.

महिनाभर आम्ही दोघं कामापुरतंच बोललो. नारळाकडे बघून मला दर सकाळी चीड यायची, स्वतःची. शेवटी बायकोच म्हणाली, ‘‘त्यांना समुद्रातून न्या. तिथला डोंगर त्यांना ओळखू येईल.’’ मी म्हणालो, मी आणि समुद्रात? ती म्हणाली, ‘‘ओका. ओकून कोणी मरत नाही.’’

माझा चुलतभाऊ अजून होडी चालवतो. पहाटे फटफटायच्या आधीच त्यानं आम्हाला घेतलं. बाबा दोरावर, फळीवर हात ठेवत सराईतासारखे चढले, धडपडलो तो मीच. खाडीचं तोंड सोडलं आणि माझं जुनं दुखणं सुरू झालं. चुलतभाऊ हसत होता. बाबा नुसते बसले होते, तोंडावर वारा घेत. खूप दिवसांनी त्यांचे खांदे सैल दिसले.

तासाभरानं माड बुडाले. पूर्वेला तांबडं फुटलं होतं, त्याच्यापुढे डोंगरांची काळी रांग. मी तोंड पुसलं आणि बघायला लागलो. पाच-सहा टोकं. कुठलं ते? दर रविवारी ज्याच्या पायाशी गाडी लावतो तो डोंगर मला ओळखू येईना! एक उंचसं टोक बघून मी म्हणालो, ‘‘बाबा, तो बघा, चिमणीच्या डावीकडे.’’

‘‘डावीकडे नसतो तो इथून,’’ बाबा म्हणाले. ‘‘इंजिनाला किती वेळ झाला? वारा डाव्या गालावर आहे. चिमणीच्या उजव्या हाताला बोटभर जा. आधी एक बुटकी पाठ लागेल, म्हशीसारखी. तिच्या मागे बघ.’’

म्हशीसारखी पाठ होती. तिच्या मागे बारीक, सरळ, काळा सुळका उभा होता.

मी वळून बाबांकडे बघितलं. ते डोंगराकडे बघतच नव्हते. त्यांचे डोळे होडीच्या तळाकडे होते.

‘‘तुम्हाला दिसतोय ना?’’

‘‘नाही रे,’’ ते म्हणाले. ‘‘ताटातलं दिसतं. तू बसलायस ते दिसतं. त्याच्या पुढचं दिवाळीपासून नाही.’’

‘‘मग त्या दिवशी...’’

‘‘त्या दिवशी नुसतं पांढरं. तू कामधंदा सोडून नेलंस. दिसत नाही कसं सांगू? म्हणून म्हटलं, हा नव्हे.’’

चुलतभावानं इंजिन बंद केलं. आता पाण्याचा तेवढा आवाज. मला त्या आवारातलं माझंच ओरडणं ऐकू आलं, शब्दन् शब्द. दिवाळीपासून म्हणजे मी ‘नेतो की’ म्हणून दिवस ढकलत होतो तेव्हापासून. त्या आधी नेलं असतं तर दिसला असता. पहिल्याच रविवारी, मागच्या सीटवर पाहुण्यांबरोबर बसवून नेलं असतं, तरी दिसला असता. मला रडू फुटलं, आणि लाजायचं तरी कोणाला, ओकताना सगळ्यांनी पाहिलंच होतं.

बाबांनी हात पुढे करून माझा गुडघा चाचपला. मग म्हणाले, ‘‘तुला दिसला ना?’’

‘‘दिसला.’’

‘‘नीट दिसला?’’

‘‘हो बाबा.’’

‘‘मग पाणी सोड. आमच्यात ज्याला दिसतो तो सोडतो.’’

मी कठड्यावरून वाकलो, ओंजळ भरली आणि डोंगराच्या दिशेला सोडली. पाणी पडल्याचा आवाज झाला तसे बाबा उठून उभे राहिले. त्यांना खांद्याला धरून वळवावं म्हणून मी पुढे झालो. गरज पडली नाही. हात जोडून ते आधीच बरोबर त्या सुळक्याकडे तोंड करून उभे होते.