उंबराच्या गळ्याशी फरशी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आचोळ्यातल्या आपल्या चार मजली इमारतीच्या आवारात, गुरुवारी भर दुपारी, देवाच्या पारावर छिन्नी-हातोडा घेऊन तुटून पडलेला पन्नाशीचा इसम मीच होतो. मी पूर्ण शुद्धीत होतो. पश्चात्ताप नाही. संधी मिळाल्यास पुन्हा तेच करीन.

आता आरोपीचं म्हणणं ऐका.

हा उंबर मूळचा आमच्या मागच्या भिंतीतला. पाइपाच्या कोपऱ्यात पक्ष्याने बी टाकली आणि ती विटेच्या फटीत रुजली. भिंत तडकायला लागली तेव्हा गवंडी बोलावला. त्याने रोप पाहिलं, हात जोडले आणि शिडी उतरला. "दत्ताचं झाड आहे साहेब. मी नाही उपटणार." शेवटी मीच चढलो आणि मुळांनी धरून ठेवलेल्या विटेच्या तुकड्यासकट ते सोडवून आणलं.

आगाशीला वाडी असलेला माझा एक जुना मित्र आहे. त्याने रोप हातात घेऊन आधी माझ्याकडेच कीव केल्यासारखं पाहिलं. "शेंड्याची दोन पानं ठेव, बाकी काप. मुळं अर्धी तुटलीत, एवढी तोंडं कोण पोसणार?" मी रंगाच्या डब्याला बुडाशी भोकं पाडली, तळाला विटांचे तुकडे घातले, वर माती, वाळू आणि जुनं शेणखत. महिनाभर सावलीत ठेवलं, माती ओली राखली. वर्षाने जुलैत, टाकीचं पाणी सांडतं त्या कोपऱ्यात, इमारतीपासून चांगलं लांब लावलं. खड्डा दोन हात खोल. मित्राने निघताना बजावलं, "आळं मोठं ठेव. बुंध्याला वारा लागला पाहिजे आणि मुळाला पाणी. यात उलटसुलट केलंस तर मला बोलवू नको."

सहाव्या वर्षी खोडाला फळांचे घोस लगडले. तांबट पक्षी आले. मी चहाचा कप घेऊन खाली उभा राहायचो आणि बायको गॅलरीतून म्हणायची, "अहो, बाळंतीण तुम्ही आहात की झाड?"

आता आमचे सेक्रेटरी. सावलीसाठी आपली पांढरी गाडी ते बरोबर उंबराखाली लावत. पिकलेली उंबरं टपावर फुटत आणि आतली चिलटं काचेवर फिरत. मला तो देखावा फार आवडायचा, हे इथे कबूल करून टाकतो. मी त्यांना सुचवलं, गाडी चार हात पुढे लावा. ते दुखावले. मग मीटिंग झाली. "तोडायचं नाव नको, दत्ताचं झाड आहे," सेक्रेटरी म्हणाले. "आपण छान पार बांधू."

मला इतकं बरं वाटलं, की सगळ्यात आधी हात मी वर केला. तो हात अजून मला खुपतो.

दहा दिवस गावी लग्नाला जाऊन आलो, तर आळं गायब. सालीला घासून काँक्रीट, त्यावर चकचकीत फरशी, मधोमध दत्ताच्या चित्राची टाइल. बोट घालायला जागा नाही. पाणी ओतलं तर फरशीवरून घरंगळत थेट गटारात. उंबर मधून मधून पानं गाळतोच, म्हणून आधी मी फसलो. मग फळं हिरवीच गळायला लागली, शेंडे वाळले. मित्राने येऊन खोडावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "गळ्याशी बांधलंय. फोड."

मी सेक्रेटरींना तीनदा अर्ज दिला. पहिल्यांदा म्हणाले, गुरुवारनंतर बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, गुरुजींना विचारावं लागेल. तिसरा अर्ज त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि फरशी धुवायला घेतली. दर गुरुवारी स्वतः धुवायचे, उदबत्ती लावायचे. वाळका शेंडा आणि उदबत्तीचा धूर एकत्र बघून माझं डोकं असं सणकलं, की मी घरी जाऊन हातोडाच घेऊन आलो.

पहिला घाव बसताच सगळ्या गॅलऱ्या भरल्या. सेक्रेटरी धावत आले. "देवाच्या पारावर हातोडा? साहेब, पाप लागेल."

"यातून पाणी कुठून जातं ते दाखवा. लगेच थांबतो."

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तांब्या घेऊन पूजेला आल्या होत्या. त्यांनी सेक्रेटरींना विचारलं, "मग मी दर गुरुवारी घालते ते पाणी जातं कुठे?"

सेक्रेटरी वाकून फरशीवरचा चुरा झाडायला लागले.

"गटारात, आजी," मी म्हणालो.

आजींनी फरशीकडे पाहिलं, गटाराकडे पाहिलं. मग पुढे होऊन दत्ताच्या टाइलला हात जोडले आणि मला म्हणाल्या, "एवढी नीट काढून माझ्याकडे द्या. बाकीचं फोडा."

मी टाइल सोडवून दिली आणि छिन्नी बुंध्याशी लावली. काँक्रीटचा मोठा तुकडा निघाला, खाली काळी माती दिसली. आजींनी तांब्या तिथेच रिकामा केला. पाणी बघता बघता आत गेलं. तेवढ्यात सेक्रेटरींचा तोल गेला, आणि सगळ्या इमारतीदेखत ते बोलून बसले:

"अहो, आपोआप मरत होतं ते, कुणालाच पाप लागलं नसतं."